पाठवायचे राहिलेले पोस्टकार्ड

सोलापुरात आमचे घर माळवदाचे होते. उन्हाळा सुरू झाला की आम्ही रात्री माळवदावर झोपायचो. खाली गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असे आणि वर चांदण्यांनी भरलेले आभाळ. १९९७ च्या एप्रिलमध्ये त्या आभाळात एक पाहुणा आला. तो होता हेल-बॉप धूमकेतू! सूर्य मावळल्यावर वायव्येला तो नुसत्या डोळ्यांनी दिसे. दादी घाबरून म्हणाली, "बेटा, या दुमदार सिताऱ्याकडे पाहू नकोस. काहीतरी वाईट घडेल."

मी तेव्हा नववीत होतो. दुसऱ्या दिवशी मी मराठीच्या सरांना धूमकेतूविषयी विचारले. उत्तर देण्याऐवजी त्यांनी मला एक कथा वाचायला दिली. डॉ. जयंत नारळीकरांची 'धूमकेतू'. पृथ्वीवर आदळायला निघालेला धूमकेतू, त्याची वाट बदलण्यासाठी धडपडणारे शास्त्रज्ञ आणि तेच संकट टळावे म्हणून घरात यज्ञ करणारी माणसे! मला दादीच आठवली. कितीतरी शब्द अडले, पण कथा खाली ठेवता येईना.

"हे मोठे खगोलशास्त्रज्ञ आहेत," सर म्हणाले. मला नवल वाटले. शास्त्रज्ञाने गोष्टी कशाला लिहायच्या? तेव्हा सरांनी जी हकीकत सांगितली, ती मी आजवर विसरलो नाही.

नारळीकर केंब्रिजला शिकले. तिथले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हेही विज्ञानकथा लिहीत. १९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. एकदा अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणे भाषण चालू होते. ते ऐकता ऐकता त्यांनी समोरच्या कागदावर चक्क गोष्ट लिहायला घेतली! 'कृष्णविवर' हे तिचे नाव. १९७४ मध्ये ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला गेली, पण 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, एवढीच इच्छा. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटली. त्यांचे वडील बनारसला प्राध्यापक होते, म्हणून नारळीकरांचे शालेय शिक्षण हिंदीतून झाले. पुढे संशोधन इंग्रजीतून. तरीही कथांसाठी त्यांनी घरची मराठी निवडली. माझ्या घरी तर मराठी नव्हतीच. ती मला शाळेत आणि गल्लीत भेटली.

मुले सही मागू लागली की नारळीकर म्हणत, "पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारा, उत्तराखाली सही करून पाठवतो." हे कळताच मी पोस्टकार्ड आणले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेचा पत्ता लिहिला. ही संस्था १९८८ मध्ये त्यांनीच उभी केली होती. प्रश्नही तयार होता. धूमकेतूचा मागचा भाग नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला का असतो?

पण लिहिताना हात थांबला. 'धूमकेतूची शेपूट' लिहू की 'धूमकेतूचे शेपूट'? उर्दूत 'दुम' स्त्रीलिंगी. मराठीत तर तिसरे नपुंसकलिंगही आहे! एवढ्या मोठ्या लेखकाला चुकीचे मराठी कसे पाठवायचे? सरांना विचारायचीही लाज वाटली. उद्या लिहू म्हणत पोस्टकार्ड पेटीत ठेवले.

उत्तर मला कॉलेजात मिळाले. सूर्यप्रकाशाचा दाब आणि सूर्याकडून वाहणारे विद्युतभारित कण यांमुळे धूमकेतूतील धूळ आणि वायू मागे लोटले जातात. नारळीकर लिहीतच राहिले. २०१४ मध्ये त्यांच्या मराठी आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रत्येक बातमीला मला पोस्टकार्ड आठवे.

२० मे २०२५ रोजी ते पुण्यात गेले. त्या रात्री मी पेटी उघडली. पोस्टकार्ड पिवळे पडले होते. पत्ता पूर्ण होता, खाली माझे नावही होते. 'धूमकेतू' आणि 'शेपूट' या दोन शब्दांच्या मधली एका अक्षराची जागा तेवढी कोरी होती.