तुम्ही आत्ता कुठे बसला आहात?

एप्रिल २०२१ मध्ये सरकारने लग्नाला २५ माणसं आणि २ तास अशी मर्यादा घातली आणि आमचा पत्रिकांचा हंगाम तिथेच बसला. २५ माणसांसाठी पत्रिका कोण छापून घेणार? सांगलीत माझा छोटा छापखाना आहे. एक ऑफसेट, एक कटिंग मशीन, आणि जोडीला फ्लेक्सची कामं. त्या महिन्यात एकाच प्रकारचं काम यायला लागलं. व्हॉट्सॲपवर फोटो यायचा, खाली नाव आणि तारीख, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली टाकून लगेच पाठवा' असा निरोप. फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी लग्नातला असायचा. साध्या माणसाचा बरा फोटो लग्नातच निघतो. मी कोरलड्रॉमध्ये फेटा ठेवायचो, शेजारच्या माणसाचा खांद्यावर आलेला हात कापायचो, मागचा मंडप पुसून फिका निळा रंग भरायचो. एका रात्री आमच्या जुन्या मशीनमनचा फोटो आला. माझ्याच मुलीच्या लग्नातला होता. त्याच्या खांद्यावरचा जो हात मी कापत होतो, तो माझा होता.

त्यानंतर माझी झोप गेली. रात्री तीनच्या सुमारास दचकून जाग यायची, छातीत धडधड, तळव्यांना घाम. पहिला संशय अर्थातच कोरोनाचा. उशाशी ऑक्सिमीटर ठेवला होता. बोटाला लावायचो, लाल आकडे हलत हलत ९७ वर थांबायचे, जरा बरं वाटायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा हात तिकडे जायचा. "अहो, ९७च आहे. झोपा आता," बायको अंधारातच म्हणायची. तिला कसं कळतं हे मी विचारलं नाही. ती माझ्याइतकीच जागी असते हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर दोरी बांधलेली होती. त्यांनी ईसीजी काढला, पट्टी बघितली आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. हे मनाचं आहे. एखादा चांगला समुपदेशक गाठा, हल्ली फोनवर, व्हिडिओवरही होतं." मागे लोक खोकत उभे होते. समुपदेशक कुठे मिळतो, तो काय करतो, त्याला नेमकं काय सांगायचं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तोही एक डॉक्टरच, झोपेची गोळी देईल. घरी येऊन मोबाइलवर शोधायला बसलो तर नावांची रांग लागली. कुणी डॉक्टर, कुणी थेरपिस्ट, कुणी हीलर, कुणी लाइफ कोच. सगळ्यांचे फोटो हसरे. या क्षेत्रात खरा जाणकार कोण आणि नुसता बोर्ड लावलेला कोण, हे मला ओळखता येत नव्हतं.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्र शिकते. शेवटी तिला फोन केला. आधी 'एका ओळखीच्यासाठी पाहिजे' असं म्हणालो. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मामा, ओळखीचा माणूस झोपतो का?" मग तिने नीट समजावलं. मनोविकारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डिप्लोमा झालेला डॉक्टर. औषध लिहायचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात पुढचं शिक्षण घेऊन भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी केलेली व्यक्ती. ती चाचण्या घेते, बोलण्यातून उपचार करते. समुपदेशकही बोलण्यातूनच मदत करतो, पण या नावाखाली एमए करून वर्षानुवर्षं काम केलेले लोक येतात आणि चार दिवसांचा कोर्स केलेलेही येतात. "म्हणून शिक्षण विचारायचं, अनुभव विचारायचा, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं ते विचारायचं. लाजायचं नाही, मामा." आयुष्यात मी कुठल्याही डॉक्टरला डिग्री विचारली नव्हती. विचारायची असते हे मला भाचीकडून कळलं.

तिने पाठवलेल्या हेल्पलाइनना फोन लावले. एक सतत व्यस्त. दुसरीकडे रिंग वाजून बंद व्हायची. तिसरीकडे एका मुलीने उचलला, फार आपुलकीने बोलली, पण माझ्या मागे लोक ताटकळलेत हे तिच्या आवाजातून कळत होतं. मला राग आला होता. पुढे वाचलं तेव्हा तो निवळला. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या दहाहून जास्त प्रौढांना त्या घडीला काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. हे महामारीच्या आधीचं. देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता येत नाही. त्यात कोरोना आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांत पाहणी केली, तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या सेवा कुठे ना कुठे विस्कळीत झालेल्या होत्या. महामारीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य जगभर २५ टक्क्यांनी वाढलं, असं याच संघटनेने पुढे सांगितलं. गरज वाढत होती आणि दारं बंद होत होती. फोन न उचलणारी ती मुलं-मुली कामचुकार नव्हती. ती फार थोडी होती.

भाचीच्या ओळखीतून एका समुपदेशक मॅडमची वेळ मिळाली, तीही बरेच दिवस थांबून. आधी एक फॉर्म आला. नाव, वय, पूर्वीचे आजार, आणि 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?' असा रकाना. खाली लिहिलं होतं की बोललेलं सगळं गुप्त राहील, मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्या नंबरवर कळवलं जाईल. गुप्ततेलाही मर्यादा असते आणि ती आधीच सांगतात, हे मला पटलं. रकान्यात बायकोचा नंबर टाकला. म्हणजे आता तिला सांगणं आलं.

खरी अडचण पुढेच होती. बोलायचं कुठून? घरात दोन खोल्या, एकीत आई झोपलेली, दुसरीत मुलाचं ऑनलाइन कॉलेज. छापखाना घरामागच्याच गल्लीत, बंदच होता. शटर अर्धं उचलून आत शिरलो, खाली ओढलं, ट्यूबलाइट लावली आणि मॅपलिथो कागदाच्या रिमांवर मोबाइल टेकवून बसलो. मॅडम पडद्यावर आल्या आणि त्यांचा पहिलाच प्रश्न: "तुम्ही आत्ता कुठे बसला आहात? पत्ता सांगाल?" मी गोंधळलो. त्या म्हणाल्या, प्रत्येक वेळी विचारणार. समोरच्या माणसाला मध्येच काही झालं तर मदत कुठे पाठवायची हे माहीत असावं लागतं. मग विचारलं, आसपास कुणी आहे का, इयरफोन आहे का, फोन तुटला तर मी करू की तुम्ही कराल. दवाखान्याच्या चार भिंती आपोआप जे करतात, ते इथे एकेक करून ठरवावं लागत होतं.

मग मी गप्प. काय बोलायचं हेच सुचेना. पडद्याच्या कोपऱ्यात माझाच चेहरा दिसत होता, दाढी वाढलेला, आणि माझी नजर राहून राहून तिकडे जात होती. मॅडमच्या ते लक्षात आलं. स्वतःचं चित्र लपवता येतं, कुठे बोट ठेवायचं हे त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला एवढंच शिकवलं असतं तरी चाललं असतं. तो चेहरा गेला आणि मी मशीनमनच्या फोटोबद्दल बोलायला लागलो.

पुढच्या वेळी त्यांनी नऊ प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास वाटलं, झोप, भूक, थकवा, एकाग्रता. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. याला 'पीएचक्यू-९' म्हणतात. माझ्या समजुतीत मनाचा थर्मामीटर. ताप किती ते सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. मी दचकलो. असं सरळ विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार यायचा, अशी माझी समजूत होती. मॅडम म्हणाल्या, अभ्यास उलटं सांगतात. विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. ज्याच्या मनात असतो त्याला बोलायला वाट मिळते. माझ्या मनात तसं नव्हतं. पण आमच्या पेठेतल्या दोघा-तिघांचे चेहरे डोळ्यांसमोर आले, ज्यांना हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता.

गोळीचा विषय मीच काढला. त्या म्हणाल्या, "मी औषध देऊ शकत नाही." झोपेचं मागे लागलेलंच होतं म्हणून त्यांनी एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, व्हिडिओवरच. तिथे कळलं की टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्राने दूरवैद्यकाची नियमावली जाहीर केली होती. त्याआधी डॉक्टरांनी दुरून औषध लिहावं की नाही हे धूसर होतं. नियमावलीने औषधांच्या याद्याच केल्या. काही फोनवरही लिहिता येतात, काहींसाठी पहिल्या वेळी व्हिडिओवर पेशंट दिसावाच लागतो, आणि अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्यातली औषधं त्या नियमावलीत अशी लिहिताच येत नव्हती. मला हवी होती ती गोळी त्याच शेवटच्या यादीत निघाली. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, लागू पडायला थोडे आठवडे घेईल असं सांगून.

मॅडमकडचं काम मात्र गोळीसारखं नव्हतं. ते मलाच करायचं होतं. त्यांनी वहीत तीन रकाने आखायला सांगितले: प्रसंग, त्यावर मनात आलेला विचार, आणि परिणाम. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली ही रीत, कि. मो. फडक्यांनी ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठी माणसांपर्यंत आणली. माझ्याकडे जुनं ऑर्डर बुक होतं, त्यातच आखले. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'गिऱ्हाइकाचा फोन वाजला.' तिसऱ्यात, 'धडधड, उचलला नाही.' मधला रकाना कोराच. फोन वाजतो आणि छाती धडधडते, यात मध्ये काही असतं हेच मला दिसत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी तिथे एक ओळ लिहिता आली: 'आता घरातलंच कुणी जाणार, आणि त्याचाही फोटो मलाच कापावा लागणार.' ती ओळ वाचून दाखवली तेव्हा मॅडमनी 'असं काही होणार नाही' असं म्हटलं नाही. मे २०२१ मध्ये तसं कुणालाच म्हणता आलं नसतं. त्या म्हणाल्या, "यात दोन गोष्टी आहेत. गेलेल्या माणसाचं दुःख तुमचं आहे, ते राहू दे. न गेलेल्या माणसाचं दुःख आजच करायचं का, एवढं बघू." त्या रात्री ऑक्सिमीटर मी कपाटात ठेवला.

नेटवर्क मध्येच गचके खायचं. मॅडमचा चेहरा थिजायचा आणि त्या गप्प आहेत की लाइन गेली, हे कळायचं नाही. मग आम्ही व्हिडिओ बंद करून नुसतं फोनवर बोलू लागलो, आणि मला तेच जास्त जमलं. काहींना चेहरा लागतो, काहींना नको असतो, असं त्या म्हणाल्या. कुणी गच्चीवरून बोलतं, कुणी उभ्या गाडीत बसून, कुणी नळ चालू ठेवून न्हाणीघरातून.

हे मी घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "न्हाणीघरातून तरी कसं बोलणार? बाहेरून आई हाक मारतात, मुलगा हाक मारतो, तुम्ही हाक मारता." तिचा भाऊ पहिल्या लाटेत गेला होता. त्याला शेवटचं बघता आलं नव्हतं. वर्षभर ती सगळ्यांचं करत होती आणि तिच्याबद्दल मी काही विचारलं नव्हतं, कारण ती रडताना दिसत नव्हती. मी छापखान्याची किल्ली तिच्यापुढे ठेवली. तिच्यासाठी वेगळ्या मॅडम शोधल्या. एकाच घरातल्या दोघांनी शक्यतो वेगवेगळ्या समुपदेशकाकडे जावं हेही तेव्हाच कळलं. ती आत काय बोलायची मला माहीत नाही. त्या वेळात आईचं औषधपाणी मी बघायचो. आईच्या गोळ्यांचे रंग मला तोवर माहीत नव्हते.

फोनवरून मन बरं होतं का, असं पेठेतले लोक मला आता विचारतात. माझं उत्तर हो असं आहे, पण ज्याला निवांत जागा आणि रेंज मिळते त्याचं. सांगलीसारख्या गावातून दुसऱ्या शहरातल्या माणसाशी बोलता आलं, ओळखीच्या वेटिंग रूममध्ये बसावं लागलं नाही, हा फायदा मोठा. ज्या बाईकडे स्वतःचा मोबाइल नाही, जो माणूस दहा जणांच्या खोलीत राहतो, त्यांच्यापर्यंत ही सोय पोचली नाही, हेही तेवढंच खरं.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा. आणि घरातलं कुणी म्हणालं, मला तासभर दार लावून फोनवर बोलायचंय, तर त्याच्या वाटचं काम तेवढा वेळ आपल्याकडे घ्या, आणि बाहेर आल्यावर काय बोललात ते विचारू नका.