संकोच आणि विश्वास

दुखणे सांगताना माणूस डॉक्टरांच्या सुईपेक्षा त्यांच्या नजरेला अधिक भितो. ती नजरच समोर नसेल तर? डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी जगात उपचार घेण्याची सोय आता झाली आहे. जुनाट कंबरदुखीवर घरीच आठ आठवडे घ्यावयाच्या अशा एका उपचाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ साली मान्यता दिली.

यंत्रापुढे मन कसे वागते, याविषयी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावरील कृत्रिम स्त्री लोकांची विचारपूस करीत होती. काहींना सांगण्यात आले, हिला माणूस चालवितो. काहींना, हे निव्वळ यंत्र आहे. यंत्र समजून बोलणारे कमी बिचकले आणि त्यांचे दुःख चेहऱ्यावर अधिक उघडपणे उमटले.

मला याचे नवल वाटले नाही. माझ्या एका मावशीने छातीतील गाठ वर्षभर लपविली. ‘परक्या पुरुषाला कसं सांगू?’ एवढेच तिचे म्हणणे होते. आम्हांला कळले तेव्हा फार उशीर झाला होता. अशा बाईला न लाजविणारे यंत्र वरदानच वाटले असते.

परंतु न लाजविणे आणि गुपित जपणे हे दोन वेगळे गुण आहेत. समोर डोळे नाहीत, म्हणजे कोणी पाहत नाही, असे मन धरून चालते. प्रत्यक्षात मान कशी वळली, हात कुठे थबकला, हे सारे तो चष्मा टिपीत असतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० साली ५११ जणांच्या अशा हालचाली तपासल्या. प्रत्येकाच्या पाच मिनिटांहूनही कमी नोंदींवर शिकविलेल्या संगणकाने शंभरांतील ९५ जण अचूक ओळखले. नाव लपविले तरी आपली हालचालच ओळख सांगून जाते.

त्याच वर्षी फिनलंडमध्ये एका मानसोपचार संस्थेतून चोरलेल्या टिपणांच्या आधारे हजारो रुग्णांना खंडणीसाठी धमकाविण्यात आले. ऐकणारी तेथे माणसेच होती. त्यांनी ऐकलेले जेथे साठविले, तेथेच घात झाला.

म्हणून चष्मा चढविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या नोंदी कोण ठेवणार? किती दिवस? आणि ‘पुसून टाका’ म्हटल्यास पुसणार का? या प्रश्नांची उत्तरे कोणा जबाबदार माणसाने आपल्या सहीनिशी दिली, तर मी तो चष्मा आनंदाने चढवीन.