ते ऊन नव्हतं

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात कुणाचंही अंग तापलं की घरात पहिलं वाक्य तेच, ऊन लागलं. पारा 45 च्या वर, कूलरही गरम वाराच फेकतो. दादाला ताप भरला तेव्हा आईने कैरीचं पन्हं केलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला. देवळीजवळच्या आमच्या गावात दुसरा विचार कुणी केलाच नसता.

पन्हं पाजायला गेले तर दादाचे दात उघडेनात. चमच्यातलं पन्हं ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. "जबडा उघडून नाही राह्यला वो माय," दातांमधूनच तो बोलला. हात कोपरात वाकवून पाहिला, तर जाड तार वाकवावी तसा जोर लागला. बनियन घामाने ओलंचिंब होतं. ऊन लागलेल्याचं अंग बहुधा कोरडं तापतं, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्या ओल्या बनियनकडे आमचं लक्ष गेलं नाही.

जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं सुरू आहेत का?" बाजूच्या बाकावर आमच्याच गल्लीतल्या काकू बसल्या होत्या. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही जी." मीही गप्प राहिले. दादाला कानात आवाज यायचे म्हणून 12 दिवसांपासून हॅलोपेरिडॉल सुरू होतं, 4 दिवसांपूर्वी मात्रा वाढवली होती. हे घराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. माझं लग्न ठरायचं होतं.

रात्री दादा माणसं ओळखेना. लघवी कोऱ्या चहासारखी झाली. पहाटे गाडी करून त्याला सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयात नेलं. तिथे पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आई रडायला लागली.

पाकीट पाहताच डॉक्टरांची धावपळ बदलली. स्नायूंची इजा दाखवणारा रक्तातला सीपीके तपासला, तो हजारांत निघाला. एरवी तो साधारण 200 च्या आत असतो. आजाराचं नाव सांगितलं, न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात, म्हणूनच कानातले आवाज थांबतात. पण क्वचित कुणाच्या शरीरात त्याच अटकावाने तापमानावरचा आणि स्नायूंवरचा ताबा सुटतो. आवळलेले स्नायू तुटायला लागतात आणि त्यातून निघणारं द्रव्य मूत्रपिंडांना इजा करतं. अलीकडचे अंदाज ही औषधं घेणाऱ्या दहा हजारांत एक-दोघांचे आहेत, आणि बहुतेकदा हे औषध सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत किंवा मात्रा वाढल्यावर होतं. दादाच्या बाबतीत दोन्ही होतं.

गोळी त्याच क्षणी बंद झाली. ओल्या चादरी, शिरेतून भरपूर पाणी, ब्रोमोक्रिप्टिन. अकराव्या दिवशी दादाने स्वतःच्या हाताने पोळीचा तुकडा मोडला. तो हात मी कितीतरी वेळ बघत बसले.

आईने शपथ घेतली, आता एकही गोळी नाही. गल्लीतल्यांनी देवऋषी सुचवला. महिनाभरात आवाज परत आले. डॉक्टरांनी दुसरं औषध अगदी कमी मात्रेत सुरू करायचं ठरवलं, दर आठवड्याला तपासणी. आई अडून बसली, तेव्हा दादाच म्हणाला, "माय, त्या आवाजापेक्षा गोळी बरी." त्या गोळीवर तो आज शेतात जातो, बाजार करतो. त्याच्या खिशात एक चिठ्ठी असते, कोणत्या औषधाने काय झालं होतं ते लिहिलेली.

आमचा पुरा एक दिवस आम्हीच, लाजेपायी, वाया घालवला. पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी बोल लावू शकत नाही. तुमच्या घरी कुणी अशी औषधं घेत असेल तर ती भीतीने आपल्या मनाने बंद करू नका. पण ताप आणि ताठरलेलं अंग एकत्र दिसलं, तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा, आणि कुणीही शेजारी बसलेलं असो, गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांच्या हातात द्या.