दोन स्पीकर आणि मधली जागा

घरगुती स्टिरिओ संचाचे तीन भाग असतात: आवाजाचा स्रोत, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी. स्रोत म्हणजे सीडी प्लेअर, टर्नटेबल, एफएम ट्यूनर किंवा हल्ली मोबाइल. लहान संचात स्रोत आणि ॲम्प्लिफायर बहुधा एकाच डब्यात असतात आणि स्पीकर पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे असतात. दहा बाय बारा फुटांच्या बैठकीच्या खोलीला एवढा संच पुरतो. तरीही एकाच बनावटीचे दोन संच दोन घरांत इतके वेगळे वाजतात, की ऐकणाऱ्याला ते सारखेच आहेत हे पटत नाही. हा फरक पडतो तो मांडणीने. मांडणीला पैसे लागत नाहीत. मोजपट्टी, थोडा वेळ आणि कान लागतात.

स्टिरिओचे तत्त्व ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने मांडले आणि डिसेंबर १९३१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो ईएमआय कंपनीत होता. ही कंपनी त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली होती. भारतात ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या काढणारी ती हीच ग्रामोफोन कंपनी. स्टिरिओ एलपी मात्र बाजारात रुळायला १९५८ साल उजाडले. तत्त्व साधे आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो, डाव्या कानाला तो डोक्याला वळसा घालून पोचतो. वेळेतला हा फरक फार तर एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, पण मेंदूला दिशा ठरवायला तेवढा पुरतो. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज त्याच वेळी, तेवढ्याच जोराने आला, तर मेंदू तो दोहोंच्या मधोमध ठेवतो. तिथे काहीही नसते, तरी गायक तिथे बसल्याचा भास होतो. संच मांडणे म्हणजे हा भास घडेल अशी व्यवस्था करणे.

निवड करताना वॉटच्या आकड्याने दिपून जाऊ नये. नव्वदच्या दशकात संचांच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे हजारांतले आकडे छापलेले असत. या मापाची कोणतीही प्रमाण व्याख्या नाही, त्यामुळे त्या आकड्याला अर्थही नाही. पाहायचा तो ‘आरएमएस’चा आकडा. दर बाजूला तीस ते पन्नास वॉट आरएमएस लहान खोलीला भरपूर होतात. एरवीच्या ऐकण्यात एखादा वॉटच खर्च होत असतो. वॉटपेक्षा जास्त सांगणारा आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेचा असतो. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, ते तो सांगतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८८ डेसिबलच्या स्पीकरइतके वाजायला दुप्पट वॉट लागतात. स्पीकर किती ओहमचा आहे हेही पाहावे लागते. ॲम्प्लिफायर ६ किंवा ८ ओहमसाठी बनवलेला असेल, तर त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडू नयेत. तो तापतो आणि कधी जळतो. परदेशातून आणलेल्या संचाचा व्होल्टेज आधी तपासावा. जपानात १०० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट वीज असते. तिथला संच आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तसाच खुपसला की पहिल्याच मिनिटाला निकामी होतो.

मांडणीची सुरुवात ऐकणाऱ्याच्या जागेपासून करावी. खुर्ची किंवा दिवाण कुठे असेल हे आधी ठरवावे आणि स्पीकर त्या हिशेबाने ठेवावेत. दोन स्पीकरमधले अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून डोक्यापर्यंतचे अंतर सारखे ठेवावे, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. लहान खोलीत ही बाजू पाच ते सात फुटांची येते. दोन्ही अंतरे डोळ्यांनी अजमावू नयेत, टेपने मोजावीत. आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. एक स्पीकर फूटभर जवळ असला तर त्याचा आवाज जवळपास एक मिलिसेकंद आधी पोचतो आणि मध्ये बसलेला गायक उठून त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. उंचीचेही तसेच. ट्वीटर, म्हणजे बारीक स्वर काढणारा छोटा पडदा, कानाच्या रेषेत हवा. स्पीकर कपाटाच्या माथ्यावर चढवले तर बारीक स्वर डोक्यावरून निघून जातात, आणि जमिनीवर ठेवले तर आवाज गुडघ्यांशी येतो. स्टँड नसेल तर भक्कम स्टूल चालते. स्पीकरखाली रबराचे चार तुकडे ठेवले की स्पीकरची थरथर स्टुलात कमी उतरते.

भिंतीपासूनचे अंतर हे मांडणीतले सर्वात परिणामकारक हत्यार आहे. स्पीकर भिंतीला जितका जवळ, तितका बास वाढतो. कोपऱ्यात तो आणखी वाढतो, कारण तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर पुढे ढकलतात. पहिल्या पाच मिनिटांत ही वाढ सुखावते. नंतर लक्षात येते की डग्ग्याच्या घुमाऱ्याखाली गायकाचे शब्द बुडत आहेत. स्पीकरच्या पाठीमागे भोक असेल तर निदान आठ-दहा इंच जागा सोडावी. तेवढी जागा नसेल तर भोकात स्पंजाची गुंडाळी बसवून बास आवरता येतो. स्पीकर फळीवर पुस्तकांच्या रांगेत ठेवायचा असेल तर त्याचे तोंड पुस्तकांच्या कडेच्या किंचित पुढे आणावे, नाहीतर कडेवर आदळलेला आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला खोक्यातून आल्यासारखा करतो. शेवटी दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्याकडे थोडे वळवावेत. जास्त वळवले की मधली प्रतिमा टोकदार होते. सरळ ठेवले की आवाज पसरतो आणि बारीक स्वर सौम्य होतात. किती वळवायचे हे ऐकूनच ठरते.

वायरबद्दल दुकानात बरेच काही ऐकायला मिळते. तीन-चार मीटरच्या अंतराला विजेच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडवायर पुरते. महाग वायरपेक्षा जोडणी बिनचूक असणे महत्त्वाचे. ॲम्प्लिफायरच्या लाल टोकाला स्पीकरचे लाल आणि काळ्याला काळे, असे दोन्ही बाजूंना जोडले गेले पाहिजे. एका बाजूला उलट झाले तर एका स्पीकरचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो. खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आवाज पोकळ होतो आणि गायक कुठे आहे तेच कळत नाही. स्पीकरवरचे रंग पुसले गेले असतील तर स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवून त्याच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा मोठा पडदा, पुढे उसळला तर सेलचे धन टोक लागलेली बाजू लाल समजावी. उघड्या तारांचे केसही सुटे राहू देऊ नयेत. दोन टोकांना एकदम शिवलेली एक तारही ॲम्प्लिफायरचा घात करू शकते.

स्रोतांपैकी टर्नटेबल सर्वात हळवे. सीडी प्लेअर सुमारे दोन व्होल्टचा संकेत देतो, तर टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. ही चढउतार १९५४ पासून ‘आरआयएए’ या प्रमाणाने ठरलेली आहे आणि वाजवताना ती उलटवावी लागते. म्हणून टर्नटेबल ‘फोनो’ लिहिलेल्या जागीच जोडावे. ‘ऑक्स’मध्ये जोडले तर आवाज बारीक आणि किरकिरा येतो. त्याची अर्थची सुटी तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली नाही तर मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण सतत ऐकू येते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. एलपीची सुई तिच्यात तळाशी घसरत राहते आणि खरखर वाढवते. बाकी स्रोत सोपे आहेत. मोबाइल ब्लूटूथने जोडला असेल तर मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीजास्त ॲम्प्लिफायरवर करावे, आणि मोबाइलमधले इक्वलायझर बंद ठेवावे. एफएमसाठी मिळणारी टी आकाराची तार गुंडाळून मागे टाकून देऊ नये. तिचे आडवे हात दोन्ही मिळून सुमारे दीड मीटर असतात, कारण १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची निम्मी लांबी तेवढीच असते. हात ताणून भिंतीला लावले तरच त्या लांबीचा उपयोग. स्टेशन कमजोर असेल तर मोनोचे बटण दाबावे, सळसळ बरीच कमी होते.

संच, वायर आणि स्रोत जागच्या जागी आल्यावर उरते ती खोली. तिला बाहेर ठेवता येत नाही. दहा फुटांच्या दोन समांतर भिंतींत सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर उभा राहतो, बारा फुटांत ४७ चा आणि नऊ फूट उंचीच्या छतामुळे ६३ चा. हे स्वर भिंतीजवळ फुगतात आणि खोलीच्या मध्यावर विरतात. म्हणूनच दिवाण भिंतीला टेकवून बसणाऱ्याला बास जड वाटतो आणि मधल्या खुर्चीतल्या माणसाला तोच संच पोकळ वाटतो. खुर्ची भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घेतली की दोन्ही टोके टळतात. चौरस खोलीत लांबी-रुंदीचे स्वर एकच होऊन फुगवटा दुणावतो. तिथे खुर्चीची जागा आणखी काळजीपूर्वक शोधावी लागते. वरच्या स्वरांची तक्रार वेगळी असते. गुळगुळीत टाइल्स, काचेचे शोकेस आणि उघड्या भिंती यांवरून आवाज उसळत राहतो आणि गाणे कर्कश होते. जाड पडदा, स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये सतरंजी, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट, एवढ्याने मोठा फरक पडतो. कुणाला तरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगून, बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसेल अशी भिंतीवरची जागा शोधावी. आवाजही तिथूनच परततो, आणि पडदा किंवा कपाट तिथेच हवे.

मांडणी जमली का, हे पारखायला जुनी मोनो ध्वनिमुद्रणे सर्वोत्तम. बालगंधर्वांच्या किंवा हिराबाई बडोदेकरांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोनोच आहेत. त्या दोन स्पीकरवर वाजल्या की सगळा आवाज मधोमध, एका ठिकाणाहून यायला हवा. तो पसरलेला वाटला तर जोडणी उलट असण्याची शक्यता मोठी. एका बाजूला झुकला तर अंतर, बॅलन्सचे बटण किंवा एका बाजूची भिंत यांत दोष शोधावा. त्यानंतर तानपुरा ऐकावा. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर असतो. चार-पाच इंची वूफरची ताकद याच आसपास ओसरू लागते. खर्जाची तार बाकीच्या तारांच्या जोडीने भरलेली ऐकू आली तर बासची जागा बरोबर आहे. ती एकटीच खोली हलवू लागली तर स्पीकर पुढे ओढावेत. जवारीचा झणत्कार ट्वीटरची परीक्षा घेतो. तो तंतूसारखा सुटा ऐकू आला पाहिजे, फुसफुसता नव्हे. पखवाज आणि टाळांच्या साथीचा अभंग ही दोन्ही टोके एकदम तपासतो. चाचणीच्या वेळी बास-ट्रेबलची बटणे मध्यावर असावीत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. स्पीकर सहा इंच सरकवून तोच मिनिटभराचा तुकडा पुन्हा ऐकावा, जमलेल्या जागेवर चिकटपट्टीची खूण करावी. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा ऐकल्याशिवाय निकाल पक्का मानू नये.

आवाज किती ठेवावा यालाही शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा अधिक वेगाने कमी ऐकू येतात. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज उतरवल्यावर गाणे मिळमिळीत वाटते ते त्यामुळे. संचावरचे ‘लाउडनेस’चे बटण त्याच वेळेसाठी आहे; दिवसा मोठ्या आवाजात ते बंद असावे. उलट टोकाला, आवाज फाटू लागल्यावरही बटण पुढे नेत राहणे धोक्याचे. क्षमतेबाहेर रेटलेला छोटा ॲम्प्लिफायर लहरींचे माथे कापतो, त्यातून वरच्या स्वरांची ऊर्जा वाढते आणि ट्वीटर जळतो. स्पीकर बहुतेक वेळा मोठ्या ॲम्प्लिफायरपेक्षा लहान ॲम्प्लिफायरवर झालेल्या जबरदस्तीने मरतात.

देखभाल थोडी, पण नियमित हवी. ॲम्प्लिफायरवर चार इंच मोकळी हवा ठेवावी. त्यावर विणलेला रुमाल पसरण्याची घरगुती पद्धत त्याला घातक आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तबकड्यांना आणि कॅसेटींना बुरशी येते, म्हणून त्या भिंतीला लागून ठेवू नयेत आणि तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. दमट हवेत वूफरच्या कडेचा फोम काही वर्षांत कुजून गळतो. तो फाटला की वूफर घरघरतो. कारागिराकडून कड बदलून घेतली की तोच स्पीकर पुन्हा वाजू लागतो. रबराची कड जास्त टिकते. वर्षातून एकदा सगळे प्लग काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवावेत, आणि वापरात असलेली बटणे-खटके पुढे-मागे फिरवून घ्यावेत, म्हणजे खरखर करणारा गंज झडतो. घरात नवे कपाट आले, पडदे बदलले किंवा दिवाण दुसऱ्या भिंतीला गेला, की टेप काढून अंतरे पुन्हा मोजावीत आणि मोनो तबकडीपासून पारख नव्याने करावी.