टाचेची जखम

आमच्या मातुःश्रींना मधुमेहाचा जुना विकार आहे. गेल्या श्रावणात त्यांच्या टाचेस जखम झाली, ती दिवाळी उलटली तरी भरेना. देशपांडे नगरातील घरापासून देवळापर्यंत अनवाणी जावयाचे व अकरा प्रदक्षिणा घालावयाच्या, हा त्यांचा नेम. टाचेवर भार देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. मातुःश्रींनी ते कानाआड केले. टाच दुखतच नव्हती ना! आणि भय होते ते तेच. या विकारात पाय बधिर होतो, इजा झालेली कळत नाही.

अशात आमचा भाचा आला. तो स्थापत्य अभियंता. मुंबईच्या आय. आय. टी.त त्याच्याच विषयाच्या विभागातील प्राध्यापक मंदार इनामदार जिवंत पेशीसमूहांतील बलांची गणिते संगणकावर मांडतात, असे त्याने सांगितले. खांब-तुळयांच्या विद्येचा कातडीशी काय संबंध, हे आम्हांस उमजेना.

"लाडू वळताना बुंदीच्या गोल कळ्या एकमेकींवर दाबून चपट्या होतात ना? तसेच," तो म्हणाला. दाटीतील पेशी बहुकोनी होतात. संगणकात प्रत्येक पेशी म्हणजे एक बहुकोन. तिला आपले क्षेत्रफळ राखावयाचे असते, कड आवळून धरावयाची असते, शिवाय शेजारणीस चिकटूनही राहावयाचे असते. या ओढाताणीत कोपरे कोठे स्थिरावतील, हे यंत्र पुनःपुन्हा मोजते. जपानच्या हिसाओ होंडा यांनी १९८० च्या सुमारास या दिशेने गणित केले होते. जखमेच्या कडेच्या पेशी पुढे सरकतात व मागच्यांना ओढून घेतात. गर्भाच्या कातडीत तर त्या बटव्याचा नाडा ओढावा तशी जखम मिटवितात. हे ऐकून मातुःश्री प्रथमच सावरून बसल्या.

"मग माझी केव्हा मिटेल?"

"आजी, ते यंत्र सांगणार नाही. पडद्यावरच्या पेशींना ना रक्त, ना साखर. पण पाऊल टेकले की कोवळी कड दाबून फाटते, एवढे मी कागदावर काढून दाखवीन."

त्यांनी ते खरोखरच काढून घेतले. डॉक्टरांचे जे ऐकले नाही, ते नातवाच्या पेन्सिलीचे ऐकले. आम्हांस याचा थोडा रागही आला.

हल्ली त्यांना रिक्षाने देवळात नेतो. त्या सभामंडपात खुर्चीवर बसतात, त्यांच्या वतीने प्रदक्षिणा आम्ही घालतो आणि मोजतात त्या. परवा दहाच झाल्या, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्हांस आणखी एक घालावी लागली. जखम अजून नखाएवढी आहे.