पत्त्यातले देव

कोल्हापुरात शिवाजी पेठेत कुणाकडे जायचे असेल तर घराचा नंबर विचारून फारसा उपयोग होत नाही. इथला पत्ता देवाच्या हवाली केलेला असतो. "खंडोबा तालमीपास्नं सरळ या", "वेताळ तालमीच्या अलीकडं थांबा", "फिरंगाईच्या देवळाजवळ या", "मरगाई गल्लीत कुणालाबी विचारा". पाहुणा नवखा असला तर देवांच्या या यादीने गोंधळतो. पण पोरेटोरे त्याला हाताला धरून दारात आणून सोडतात, आणि वर "चहा घेऊनच जावा" असे बजावतात.

मी मूळचा साताऱ्याकडचा. कॉलेजात मराठी शिकवण्याच्या निमित्ताने या पेठेत बिऱ्हाड थाटले. पहिल्याच वर्षी एके सकाळी वर्तमानपत्र उघडले, तो आत खंडोबाने बालगोपालांवर मात केल्याची बातमी! देवाने असे पोराबाळांशी भांडावे याचे नवल करीत मी पुढे वाचू लागलो, तेव्हा उलगडा झाला. बातमी खेळाच्या पानावर होती. 'खंडोबा' आणि 'बालगोपाल' या दोन तालमींचे फुटबॉल संघ आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर भिडले होते. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण कोल्हापुरात तालमीची मंडळे फुटबॉल खेळतात, गणपती बसवतात, पूर आला की होड्या काढतात आणि वेळ पडली तर लग्नेही जमवतात.

या गमतीच्या मागे एक गंभीर गोष्ट आहे. खंडोबा, वेताळ, मरगाई, फिरंगाई ही मंडळी धर्मावरच्या जाडजूड ग्रंथांत पहिल्या पंगतीला बसलेली दिसत नाहीत. तिथे वेद, उपनिषदे, गीता आणि दर्शने यांचा मान. आमच्या पेठेतले देव बाहेर, ओसरीवर. शिकल्यासवरल्या घरांतही त्यांना 'कुळाचार' या एका शब्दात गुंडाळून ठेवण्याची रीत आहे. चंपाषष्ठीला तळी भरायची, वांग्याचे भरीत करायचे, 'येळकोट येळकोट' म्हणायचे आणि भंडारा पुसून ऑफिसला जायचे.

या ओसरीवरच्या देवांना विद्यापीठाच्या दिवाणखान्यात मानाने नेऊन बसवणाऱ्यांत एक जर्मन प्राध्यापक होते. त्यांचे नाव गुंथर-डिट्झ सोन्थायमर. जन्म १९३४ चा, जर्मनीतल्या उल्म गावचा.

त्यांच्या विद्याव्यासंगाची सुरुवात देवापासून झालीच नाही, ती कायद्यापासून झाली. लंडनला हिंदू कायद्याचे गाढे अभ्यासक डेरेट यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले, आणि विषय कोणता, तर हिंदू एकत्र कुटुंब! त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७७ साली दिल्लीहून निघाला. एकत्र कुटुंबाचा इतिहास एका जर्मनाने धर्मशास्त्राची पाने उलटून लिहावा, आणि आपण मात्र त्याच सुमाराला दोन खोल्यांच्या ब्लॉकसाठी अर्ज करीत असावे, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

पुढे ते हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत अध्यापन करू लागले. धर्मशास्त्राची पोथी त्यांनी टाकून दिली नाही. पण पोथीत लिहिलेले आणि माळावर जगलेले यांत किती अंतर असते, हे पाहण्याची ओढ त्यांना महाराष्ट्रात परत परत घेऊन आली. मराठी त्यांना चांगली येत होती, आणि तीही धनगराच्या वाड्यावर चालेल अशी. वाडा म्हणजे चौसोपी वाडा नव्हे. मेंढरांच्या कळपासह माळावर पडलेला धनगरांचा मुक्काम. तिथे बसून त्यांनी ओव्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या, देवांच्या वाटा धुंडाळल्या. त्यातून १९७६ साली त्यांचा जर्मन ग्रंथ आला. त्याच्या नावातच तीन देव होते : बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांनी पाहिले ते थोडक्यात असे. माळावरचा देव जागचा हलतो. धनगर मेंढरे घेऊन पाऊसपाण्याच्या हिशेबाने देशावरून कोकणाकडे उतरतात, परत येतात. शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवतात, त्या खताच्या बदल्यात धान्य घेतात. देवही त्यांच्या मागोमाग येतो. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हसकोबा असाच सोनारीहून भक्तामागे आला, अशी कथा आहे. मग तिथे देऊळ होते, गाव होते, पाटील येतो, गुरव येतो, आणि माळावरचा देव हळूहळू गावकरी बनतो. रान आणि शिवार, मेंढरू आणि नांगर, यांची सोयरीक लावून देणारा देव तो हाच.

ही सोयरीक खंडोबाच्या घरात तर उघडच दिसते. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव तिच्या बापाकडे चाकर म्हणून राहिला आणि त्याने मेंढरे राखली. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाजवळ, तर बाणाईचे देऊळ चढणीच्या अर्ध्या वाटेवर. दोन सवतींत अंतर राखण्याचा हा तोडगा संसारी वाचकांना पटावा! आपण ही गोष्ट जागरणात हसत ऐकतो. सोन्थायमरांनी त्यातून दोन समाजांचा, त्यांच्या देवाणघेवाणीचा आणि भांडणांचा इतिहास वाचला.

'हिंदू धर्म' या शब्दाची त्यांनी केलेली फोडही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ब्राह्मणांची शास्त्रे व कर्मे, संन्यास व तप, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती असे पाच घटक त्यांनी मांडले. मात्र हे पाच कप्पे नव्हेत. सतत एकमेकांत मिसळणारे पाच प्रवाह आहेत, हा त्यांचा मुद्दा. याला पुरावा हवा असेल तर आमच्या पेठेतून निघून वर्षभर कोल्हापुरात फिरावे. अंबाबाईच्या देवळात यथाशास्त्र पूजाअर्चा चालते. शहरात शंकराचार्यांचा मठ आहे. आषाढात बायाबापड्या पंचगंगेचे पाणी घागरींतून त्र्यंबोलीच्या पायरीवर ओततात, पुढे 'पी ढबाक' वाजत असते, आणि त्या वाद्याला कुठल्याही शास्त्राची संमती लागत नाही. त्याच आषाढात एकादशीला नंदवाळची दिंडी निघते. वेताळ आणि शिकारीला निघणारा खंडोबा तर रानाचेच धनी. आणि एकच घर या सगळ्या ठिकाणी जाते. सासूबाई अंबाबाईला, सून त्र्यंबोलीला, आजोबा दिंडीत, आणि नातू खंडोबाच्या गोलपोस्टात!

पेठेपासून काही कोसांवर, हुपरीच्या वाटेला पट्टणकोडोली हे गाव आहे. कोजागिरी उलटली आणि दिवाळी तोंडावर आली की तिथे विठ्ठल-बीरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर लोटतात. भल्यामोठ्या छत्र्या डोलतात, ढोल घुमतात, भंडारा, खोबरे आणि लोकर उधळली जाते. सोलापूरकडच्या अंजनगावहून चालत आलेले फरांडेबाबा तलवारीचा हेडाम खेळतात आणि पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. पंढरीचा विठ्ठल इथे धनगरांच्या बीरदेवाचा जोडीदार होऊन राहिला आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात या जोडीचा शोध फार खोलवर घेतला. त्या ग्रंथाला १९८७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ढेरे आणि सोन्थायमर एकाच वाटेचे प्रवासी. एक पुण्याहून निघाला, दुसरा हायडेलबर्गहून.

सोन्थायमर १९९२ साली गेले. वय अवघे अठ्ठावन्न. प्राध्यापकाची कारकीर्द तिथे संपायची, पण त्यांची संपली नाही. त्यांचे खंडोबावरचे निबंध १९९७ मध्ये एकत्र झाले. त्यांनी मुद्रित केलेल्या ओव्यांतल्या दोन दीर्घ कथा, एक बिरोबाची, एक धुळोबाची, फेल्डहाउसबाईंनी मराठी सहकाऱ्यांच्या मदतीने इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक २०१४ मध्ये निघाले. माळावर रात्री म्हटलेली ओवी ऑक्सफर्डच्या छापखान्यापर्यंत पोहोचायला सोन्थायमरांच्या मृत्यूनंतरही बावीस वर्षे लागली. ती पोहोचली, कारण एका माणसाने ती ऐकण्याजोगी मानली.

गेल्या साली वर्गात लोकसाहित्य शिकवताना ही सारी हकीकत मी सांगितली. तास संपल्यावर हातकणंगले तालुक्यातला एक विद्यार्थी रेंगाळला. इतर वेळी शेवटच्या बाकावर गप्प बसणारा. म्हणाला, "सर, आमचे आजोबा ओवी म्हणतात. आख्खी बिरोबाची. पण ते परीक्षेला चालतंय काय?"

त्याला वाटत होते, आपल्या घरात आहे ते मागासलेपण आणि पुस्तकात आहे ते ज्ञान. मी म्हटले, "परीक्षेचे मी बघतो. तू आधी ऐकून घे."

पंधरा दिवसांनी तो हिरमुसला होऊन आला. मोबाइल पुढे धरला तर आजोबा गायलाच तयार नव्हते. "ओवी एकट्याची नसती बाबा. धरायला माणसं लागत्यात," असे त्यांचे म्हणणे. खरेच आहे. एकाने म्हणायचे, साथीदारांनी झेलायचे, मग गाणे थांबवून तीच कथा बोलून सांगायची, अशी त्या गाण्याची चाल. आणि धरणारे गडी तर निम्मे इचलकरंजीच्या मागांवर, निम्मे पुण्याला सिक्युरिटीत.

शेवटी यात्रेसाठी सगळे गावी आले तेव्हा बैठक जमली. पहाटेपर्यंत चालली. मुलाने चार तासांचे मुद्रण केले, आणि आता रोज संध्याकाळी थोडे थोडे उतरवून काढतो. एखादा शब्द अडला की आजोबांना फोन लावतो. परवा मला म्हणाला, "सर, मला वाटायचं आजोबांना लिहिता येत नाही म्हणून ते अडाणी. आता लिहायला बसलोय तर माझंच अडतंय."

त्याची वही अजून निम्मीसुद्धा झालेली नाही. आजोबांचे वय ऐंशीच्या घरात आहे. या दिवाळीच्या सुट्टीत त्याला एकच काम दिले आहे : पुस्तके राहू देत, गावी जा आणि आजोबांपाशी बस.