व्हेनिसचा एक दिवस

इटलीत नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाकडे आम्ही गेलो, तेव्हा व्हेनिससाठी एकच दिवस होता. मुलांनी बारा ठिकाणांची यादी केली होती. स्टेशनबाहेर आलो तर समोर कालवा आणि त्यावर पायऱ्यांचा पूल. या शहरात मोटार नाही, पूल मात्र चारशेहून अधिक! अब्बांचे गुडघे दुखतात, हे यादी करताना आमच्यापैकी कुणालाच आठवले नव्हते.

"तुम्ही फिरून या, मी इथेच बसतो," अब्बा म्हणाले. आम्ही खजील झालो.

यादी पिशवीत गेली. सगळे मिळून एक नंबरच्या जलबसमध्ये बसलो. मोठ्या कालव्यातून ती थांबे घेत सावकाश जाते. थोड्याच वेळात उजव्या हाताला कमानींची लांब इमारत आली : फोंदाको देई तुर्की. १६२१ ते १८३८ उस्मानी व्यापारी इथे उतरत. आत वखार, हमाम आणि नमाजची जागाही होती. आता तिथे निसर्ग-इतिहासाचे संग्रहालय आहे. ‘फोंदाको’ म्हणजे अरबी ‘फुंदुक’, आपली सराय, हे सांगताच अब्बांचा चेहरा खुलला.

"मग इथेच उतरू या."

पुढच्या थांब्यावर उतरून, त्यांचा हात धरून हळूहळू मागे आलो. जवळच एका कोपऱ्यात झुहरची कसर नमाज अदा केली, अब्बांनी बसून.

यादीतली दहा ठिकाणे राहिली. पण त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत अब्बा आहेत, अल्हम्दुलिल्लाह.